केदारनाथ यात्रा आणि वसंतातील हिमस्खलन

यात्रेकरू बंधू-भगिनींस सविनय सूचना. वैशाखाच्या सुमारास केदारनाथ मंदिराचे (उंची सुमारे ३,५८३ मीटर) द्वार उघडते, तेव्हा गौरीकुंडाकडून येणाऱ्या पायवाटेवरील घळींत हिवाळ्यातील बर्फ शिल्लक असतो. रात्री तो गोठून घट्ट होतो. दुपारच्या उन्हाने वितळलेले पाणी आतील थरांत झिरपते, थरांची पकड सैल होते आणि बर्फाचा लोंढा उतारावरून कोसळतो. मे २०२३ मध्ये बर्फ कोसळून ही वाट काही काळ बंद झाली होती. म्हणून बर्फ कापून केलेली वाट सकाळीच ओलांडावी. तेथे विसाव्यासाठी वा छायाचित्रासाठी थांबू नये. प्रशासनाने यात्रा थांबविल्यास पुढे जाण्याचा हट्ट धरू नये. दर्शन एक दिवस उशिरा घडले, तरी पुण्य उणे होत नाही.