कमाई थोडी, हिशेब नेटका



आपल्या विसरवाडी परिसरात बाराही महिने हातात पैसा खेळत नाही. भात, तूर, मका घरात येतो तेव्हा चार पैसे दिसतात. दिवाळीनंतर कितीतरी जोडपी कोयता घेऊन बारडोली, सुरतेकडे ऊसतोडीला जातात. उन्हाळ्यात परत येतात आणि पावसाळा लागला की घरातले मडके रिकामे होते. ही तंगी सरकारलाही ठाऊक होती. म्हणूनच 1978 साली आदिवासी कुटुंबांसाठी खावटी कर्जाची योजना निघाली होती.

तंगीत माणूस काय करतो? मुकादमाकडून उचल घेतो. मग पुढचा हंगाम उचल फेडण्यातच जातो. यातून सुटायचे कसे? पाच गोष्टी ध्यानात ठेवा.

1. कमाई बारा महिन्यांवर वाटा

समजा, ऊसतोड आणि शेती मिळून वर्षाला 84,000 रुपये हाती आले. म्हणजे महिन्याला 7,000. हंगामाच्या पैशातून आधी पावसाळ्याचे धान्य भरा, बियाण्याचे पैसे बाजूला काढा. लग्नकार्य, सण नंतर. अंथरूण पाहून पाय पसरावेत.

2. व्याज ओळखा

शेकडा 5 हे ऐकायला थोडे वाटते. पण ते दरमहा असेल तर 10,000 चे सहा महिन्यांत 13,000 होतात. तीच रक्कम बचत गटातून दरमहा शेकडा 2 ने घेतली, तर 11,200 फेडावे लागतात. 1,800 रुपये घरात राहिले! उचल घ्यावीच लागली, तर रक्कम वहीत लिहा. ती दोघांनाही माहीत हवी.

3. हक्काचे सोडू नका

गावात काम नसेल तर ग्रामपंचायतीत लेखी काम मागा आणि पोच घ्या. महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा 1977 सालीच केला. आदिवासी भागात 2015 पासून अमृत आहार योजना आहे. त्यात गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत आणि बाळंतपणानंतर सहा महिने अंगणवाडीत एक वेळचे पोटभर जेवण मिळते. ते लाजून सोडू नका.

4. ताटे मोजा

अंत्योदय कार्डावर महिन्याला 35 किलो धान्य मिळते, घरात माणसे कितीही असोत. पाच माणसे असली तर एकाच्या वाट्याला 7 किलो. सात झाली की 5 किलो. वरच्या 7,000 रुपयांचेही तसेच. पाच जणांत 1,400 आणि सात जणांत 1,000.

कोणी म्हणेल, "जितके हात तितकी कमाई." खरे आहे, पण हात कमावते व्हायला पंधरा-वीस वर्षे लागतात. तोंड मात्र पहिल्या दिवसापासून असते. मुले ओझे नव्हेत. आहेत त्यांना पोटभर मिळावे, शाळा सुटू नये, एवढेच म्हणणे आहे.

आणखी एक बघा. कोयता म्हणजे जोडी. बाई दिवसात असली तर फडात मोळी उचलणे तिच्या जिवावर बेतू शकते. तिने काम थांबवले तर कोयता अर्धा होतो आणि उचल तशीच राहते. म्हणून दोन मुलांत किमान तीन वर्षांचे अंतर ठेवा. आईच्या अंगात रक्त भरते, बाळाला दूध पुरते.

5. पाळणा लांबवा, पुरे झाल्यावर थांबवा

- निरोध आणि गोळ्या आशाताईकडे मिळतात.
- 'अंतरा' इंजेक्शन तीन महिन्यांनी एकदा घ्यायचे. ऊसतोडीला निघण्याआधी पुढची तारीख कार्डावर लिहून घ्या आणि कार्ड सोबत न्या.
- तांबी पाच किंवा दहा वर्षे चालते. हवी तेव्हा नर्सबाई किंवा डॉक्टरांकडून काढता येते.
- आणखी मूल नको असेल तर ऑपरेशन. पुरुषांची बिनटाक्याची नसबंदी थोड्या वेळात होते, त्याच दिवशी घरी येता येते. मात्र आठवडाभर जड काम नको. पुढचे तीन महिने दुसरे साधन वापरा, मग तपासणी करून घ्या. कोयता चालवायची ताकद जाते, ही समजूत खोटी आहे.

कोणते साधन घ्यायचे, हे तुम्ही दोघांनी ठरवायचे. सक्ती कोणीही करू शकत नाही. सरकारी दवाखान्यात ही सोय मोफत आहे. शंका असेल तर मोकळेपणाने विचारा.

दादा, हिशेबाला ताईंनाही बसवा. ताई, मनातले बोला. पुढच्या हंगामाला निघायच्या आधी एक संध्याकाळ दोघे बसा. धान्य किती, उचल किती, आणि पुढचे मूल कधी की आता पुरे, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी ठरवा.