प्रथिनांना रंग चढविण्याची विद्या

दूध, अंडें, डाळ, लोकर, आपल्या अंगांतील रक्त व स्नायु ह्या सर्वांत प्रथिनें असतात, हें विद्यार्थ्यांनीं पाठ्यपुस्तकांत वाचलेंच असेल. परंतु पाण्यांत विरघळलेलीं बहुतेक प्रथिनें रंगहीन असल्यामुळें डोळ्यांना दिसत नाहींत. जें दिसत नाहीं त्याची परीक्षा करावयाची कशी? जीवरसायनशास्त्रानें ह्याचें उत्तर रंगाऱ्याच्या भट्टींतून घेतलें आहे.

लोकर रंगविण्याच्या कढत रंगांत थोडा शिरका घालावा, आणि त्यांत लोकरीचा एक व सुताचा एक असे दोन धागे बुडवावे. पुढें दोन्ही धुतले असतां सुतावरील रंग बहुतेक निघून जातो, लोकरीवरील टिकतो. ह्याचें कारण असें कीं, लोकर हें प्रथिन आहे, सूत प्रथिन नाहीं. अम्लाच्या संगतींत प्रथिनावर धन विद्युद्भार येतो. रंगाच्या कणावर ऋण भार असतो. म्हणून दोघे परस्परांस धरून राहतात.

कुमॅसी ब्रिलियंट ब्ल्यू हा प्रसिद्ध निळा रंग मूळचा लोकरीचाच होय. त्याचें नांव आजच्या घाना देशांतील कुमासी शहरावरून पडलें. तें शहर इंग्रजांनीं १८९६ सालीं व्यापिलें होतें. १९६३ सालीं ऑस्ट्रेलियांतील फाझेकास द सेंट ग्रोथ व त्यांचे सहकारी ह्यांनीं हाच रंग प्रथिनें दाखविण्यासाठीं योजिला.

कृति अशी असते. प्रथम प्रथिनांचें मिश्रण जेल नांवाच्या लिबलिबीत, पारदर्शक थरांत घालून त्यांतून वीज सोडतात. त्यामुळें निरनिराळीं प्रथिनें निरनिराळ्या अंतरांवर जाऊन पोंचतात. नंतर तो थर अम्ल व मद्यार्क ह्यांच्या मिश्रणांत ठेवून प्रथिनें जागच्या जागीं थिजवितात, व मग रंगांत बुडवितात. आतां सर्वच थर निळा होतो आणि कांहींच ओळखूं येत नाहीं! खरी कसोटी पुढें, धुण्यांत आहे. घाईनें थोडेंच धुतलें तर फिकट पट्टे निळ्या भूमींत लपतात. फार वेळ धुतलें तर त्यांचाहि रंग उतरूं लागतो. योग्य धुतल्यावर मात्र स्वच्छ थरावर एकेका प्रथिनाचा निळा पट्टा उठून दिसतो.

ही केवळ करमणूक नव्हे. रक्तांतील द्रवाचीं प्रथिनें विजेनें वेगळीं करून अशाच एखाद्या रंगानें रंगवितात. निरोगी मनुष्याच्या रक्तांत रोगप्रतिकारक प्रथिनांचा पट्टा रुंद व पसरट असतो. त्या जागीं एकच अरुंद, गडद पट्टा दिसला तर अस्थिमज्जेच्या मायलोमा नांवाच्या कर्करोगाची शंका येते, आणि डॉक्टर पुढील तपासण्या करवितात. तो पट्टा नीट न दिसला तर रोग्याचा मोलाचा वेळ जातो.

रंगालाहि मर्यादा आहेत. कुमॅसीनें सुमारें एका ग्रॅमचा कोटीवा भाग प्रथिन सहज दिसतें. त्याहून अल्प प्रथिनासाठीं १९७९ पासून चांदीच्या क्षाराची पद्धति प्रचारांत आली. ती कांहीं प्रसंगीं शंभर पटीपर्यंत सूक्ष्म ठरते, परंतु तिला श्रम व सावधगिरी अधिक लागते. शिवाय सर्व प्रथिनें रंग सारखा घेत नाहींत. १९७६ सालीं ब्रॅडफर्ड ह्यांनीं कुमॅसीच्याच साह्यानें प्रथिनाचें प्रमाण मोजण्याची रीति काढिली. तींत जिलेटिन इतरांहून पुष्कळ फिकट रंग देतें. म्हणून ज्या प्रथिनाचें प्रमाण ठाऊक आहे असा नमुना शेजारीं ठेवून तुलना करावी लागते.

विद्यार्थिमित्रहो, रंग दिसला नाहीं एवढ्यावरून पदार्थ नाहींच, असें शास्त्रज्ञ म्हणत नाहीं. आपली पद्धति किती सूक्ष्म आहे, धुणें बरोबर झालें कीं नाहीं, शेजारचा नमुना काय सांगतो, हें तो आधीं पाहतो. प्रयोगशाळेंत पाऊल ठेवतांना हीच संवय तुम्हीं आपल्या अंगीं बाणवावी.