गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये कॉम्प्युटर काय करतो?

कॉम्प्युटर लावून गुडघा बदलणार म्हटले की अनेकांना वाटते, मशीनच सगळे करते. तसे नाही, हे आम्ही वस्तीत सांगत असतो. मांडीच्या आणि नडगीच्या हाडात पिना बसवून त्यांवर खुणा लावतात. कॅमेरा त्या पाहतो. डॉक्टर टोकदार सळई हाडावर ठिकठिकाणी टेकवतात, तसा हाडाचा नकाशा तयार होतो. खुबा खोल असतो, तिथे सळई पोहोचत नाही. म्हणून पाय गोल फिरवतात. त्यावरून कॉम्प्युटर खुब्याचा मध्य काढतो. सळई चुकीच्या जागी टेकली तर नकाशाही चुकतो. म्हणून डॉक्टरांचा अनुभव आधी विचारा, जादा खर्च लेखी मागा. घरी आल्यावर पिनांच्या जागाही पाहा. लाली, पू दिसला किंवा मांडी-नडगी अचानक जास्त दुखू लागली, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.