ज्योडीचे पाडस

परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पेडगाव नावाचे गाव आहे. भोवती काळी, ओलावा धरून ठेवणारी जमीन. तीत ज्वारी, कापूस, तूर आणि अलीकडे सोयाबीनही पिकते. अशा गावातील मुलांना पिकाची राखण म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. पेरलेले उगवून चार बोटे वर आले, की शेतकऱ्याच्या डोळ्यांवरची झोप उडते. हरणांचा कळप एका रात्रीत कोवळे शेंडे खुडून जातो आणि सकाळी बांधावर उभे राहिलेल्या माणसाला केवळ खुरांचे ठसे दिसतात. मग घरातील कोणी तरी काठी घेऊन जागलीला जातो. परंतु त्याच हरणाचे एखादे पाडस गवतात अंग चोरून बसलेले दिसले, तर ती काठी उगारण्यास हात धजत नाही.

पीकही आपले आणि पाडसही आपले, असा प्रसंग आला तर माणसाने काय करावे? याच प्रश्नावर एक कादंबरी लिहिली गेली. ती लिहिली गेली दूर अमेरिकेत. परंतु 'सत्यकथा' मासिकाचे संपादक राम पटवर्धन यांनी ती मराठीत आणली आणि तिला 'पाडस' हे नाव दिले. भाषांतर आहे हे विसरून मराठी वाचकांनी तिच्यावर प्रेम केले.

मूळ लेखिका मार्जोरी किनन रॉलिंग्ज या शहरात वाढलेल्या. १९२८ साली त्या फ्लॉरिडा प्रांतात संत्र्यांच्या एका बागेत राहावयास गेल्या. तेथील रानात राहणाऱ्या गरीब, कष्टाळू माणसांच्या सहवासात त्यांनी झाडे, पाखरे, शिकार, बोलण्याची ढब असे सर्व काही बारकाईने टिपले. १९३८ साली त्यांची ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि १९३९ साली तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. मूळ इंग्रजी नावाचा अर्थ आहे 'एक वर्षाचे झालेले जनावर'. वर्ष भरलेले जनावर धड लहान नसते आणि धड मोठेही नसते. ज्योडी बॅक्स्टर हा या कथेतील बारा वर्षांचा मुलगाही तसाच आहे.

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपले. त्यानंतरच्या काही वर्षांतील ही गोष्ट. रानाच्या मध्यभागी थोडीशी मोकळी जमीन, तीत मक्याचे शेत आणि एक लहानसे घर. घरात तिघेच जण: ज्योडी, त्याचा मृदू स्वभावाचा बाप पेनी आणि कडक बोलणारी आई. पुष्कळ वाचकांना ही आई आवडत नाही. मला मात्र तिच्याविषयी फार वाटते. ज्योडीच्या आधीची तिची मुले अगदी तान्हेपणी मातीआड झालेली होती. पुन्हा कोणावर जीव लावावयास ती भीत असे, आणि कोठारात किती मका शिल्लक आहे, हे त्या घरात तिच्याइतके कोणालाच ठाऊक नसे.

एकदा पेनीला विषारी साप चावला. विष ओढून घेण्यासाठी त्याने समोर आलेली एक हरिणी मारली आणि तिचे काळीज जखमेवर दाबून धरले. (हा उपाय गोष्टीतला आहे. तुम्ही मात्र अशा वेळी तडक दवाखाना गाठावा.) पेनी वाचला, पण हरिणीचे पाडस पोरके झाले. आपल्या जिवासाठी त्याची आई गेली, तेव्हा त्याला सांभाळणे हे आपलेच काम, असे ज्योडीने बापाजवळ मांडले. बापाला ते पटले. ज्योडीने रानातून पाडस उचलून आणले आणि आपली बोटे दुधात बुडवून त्याला दूध पाजले.

येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. रानात एकटे दिसणारे प्रत्येक पाडस पोरके नसते. हरिणी आपल्या पिल्लास गवतात लपवून चरावयास जाते व दूध पाजण्यास परत येते. आपण ते दयेने उचलले, तर आपणच त्याला पोरके करतो. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने असे प्राणी पकडणे वा मारणे हा गुन्हा आहे.

ज्योडीचा एकच मित्र होता, फॉडरविंग. चार मैलांवर राहणाऱ्या फॉरेस्टरांच्या दांडग्या घरातला हा पांगळा, अशक्त मुलगा. उडता येईल या आशेने त्याने एकदा हातांना चारा बांधून कोठाराच्या छपरावरून उडी घेतली होती; त्यावरूनच त्याला ते नाव पडले. रानातील जखमी प्राणी त्याच्यापाशी निर्भय होत. पाडसाला नाव त्यानेच द्यावे, अशी ज्योडीची इच्छा होती. परंतु ज्योडी त्याच्या घरी पोहोचला, तेव्हा फॉडरविंग जगात राहिला नव्हता. नाव मात्र तो ठरवून गेला होता. पळताना पाडसाची पांढरी शेपटी निशाणासारखी उभी राहते, म्हणून 'फ्लॅग'.

फ्लॅग वाढला. त्याने तंबाखूची रोपे तुडवली, मग मक्याचे कोवळे कोंब खाल्ले. पेनी दुखण्याने अंथरुणास खिळलेला. ज्योडीने एकट्याने पुन्हा मका पेरला, राबून कुंपण उंच केले. फ्लॅगने ते सहज उडी मारून ओलांडले आणि दुसरी पेरणीही संपवली. तेव्हा पेनीने मुलास जवळ बोलावून सांगितले, की फ्लॅगला रानात नेऊन गोळी घालावी लागेल.

ज्योडीच्याने ते होईना. शेवटी आईने बंदूक उचलली. तिला नेम धरता येत नव्हता. फ्लॅग जखमी होऊन तडफडू लागला आणि त्याचे हाल संपवण्यासाठी दुसरी गोळी ज्योडीलाच झाडावी लागली.

बापाने आपला विश्वासघात केला, असे वाटून तो घर सोडून पळाला. एका मोडक्या नावेतून तो नदीत भटकला. पोटात अन्नाचा कण नव्हता. 'आपण सारे उपाशी मरू', असे आई म्हणे, तेव्हा तो हसत असे. भूक म्हणजे जेवणाआधी लागते ती, इतकेच त्यास ठाऊक होते. आता पोटात आग पडली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि आईचे ते बोलणे त्याला पहिल्यांदा समजले. पेडगावच्या मुलाला हे पान दोनदा वाचावे लागणार नाही.

डाकेच्या बोटीवरील माणसांनी त्याला वाचवले. घराच्या वाटेवर तो एका झऱ्यापाशी थांबला. वर्षापूर्वी तेथेच त्याने पानाकाड्यांची पाणचक्की करून तासन्‌तास खेळ केला होता. त्याने तशीच चक्की पुन्हा केली. ती फिरलीही; पण तो तिच्यात रमेना.

घरी बाप एकटाच बसलेला होता. तो रागावला नाही. आता आपल्याच्याने जड कामे होणार नाहीत, असे त्याने मुलास सांगितले. या घरच्या बाईला धुण्यासाठी दूर झऱ्यावर जावे लागते. घराजवळ एक विहीर खणली गेलेली पाहावी, एवढीच त्याची इच्छा होती. तू खणशील काय, असे त्याने विचारले. ज्योडी हो म्हणाला.