संगणकावरील आवाजास होणारा विलंब : कारणे व उपाय

कवितापाठाचा तास आहे. पडद्यावर गाणाऱ्याचे ओठ हलतात, परंतु आवाज किंचित मागून येतो. कधी ओळ अर्ध्यावर तुटते व पुन्हा सुरू होते. मागे राहिलेल्या मुलास वाटते, आपणच चुकलो. दोष यंत्राचा असून कमीपणा मुलाच्या मनास लागतो. म्हणून परभणी-मनमाड लोहमार्गावरील पेडगाव असो वा दुसरे कोणतेही गाव, शिक्षकाने दुसऱ्या दिवशीचा पाठ घरच्या संगणकावर आदल्या सायंकाळी ऐकून पाहावा व दोष आढळल्यास त्याचे मूळ शोधावे.

दोन दोष, दोन कारणे

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. आवाज उशिरा येणे हा एक दोष. आवाज अडखळणे हा दुसरा. पैठणच्या नाथसागरातून सोडलेले पाणी डाव्या कालव्याने परभणी जिल्ह्यात येण्यास वेळ लागतो, हा झाला विलंब. पाणी कधी येते, कधी खंडते, हे झाले अडखळणे. खंड जाणवू नये म्हणून शेतकरी शेततळ्यात पाणी साठवितो. संगणकही तसेच करतो. इंटरनेटवरून येणारा आवाज तो आधी थोडा साठवितो व मग वाजवितो. या साठ्यास 'बफर' म्हणतात. साठा मोठा केल्यास अडखळणे थांबते, परंतु थेट कार्यक्रमाचा विलंब वाढतो. एका दोषाचे औषध दुसऱ्यास अपायकारक ठरते, ते असे.

आकाशवाणीचा कार्यक्रम रेडिओवर व इंटरनेटवर एकाच वेळी लावून पाहिल्यास हे स्पष्ट होते. रेडिओलहरी सेकंदास सुमारे ३ लाख किलोमीटर जातात. इंटरनेटवरील आवाज मात्र तुकड्यातुकड्यांनी पाठविला जातो. तुकडा ६ सेकंदांचा असून असे ३ तुकडे साठल्यावर वादन सुरू होत असेल, तर तेवढ्यानेच १८ सेकंद जातात. सबब इंटरनेटवर ऐकलेल्या वेळेच्या ठोक्यांवरून शाळेचे घड्याळ लावू नये.

पारख कशी करावी

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा विज्ञानाचा नियम येथेही लागू आहे.

१. संगणकातच साठविलेली चित्रफीत तारेच्या ध्वनिवर्धकावर लावावी. आवाज व चित्र जुळले, तर संगणक व चित्रफीत निर्दोष आहेत.

२. तीच चित्रफीत ब्लूटूथ ध्वनिवर्धकावर लावावी. आता आवाज मागे पडला, तर विलंब ब्लूटूथचा. तेथे आवाज संक्षिप्त करून पाठविला जातो व पलीकडे पुन्हा उलगडला जातो. यात सेकंदाचा दहावा ते पाचवा भाग, कधी त्याहून अधिक वेळ जातो.

३. पुन्हा तार जोडून इंटरनेटवरील पाठ लावावा. आता आवाज अडखळला, तर दोष जोडणीकडे आहे.

४. संगणक राउटरजवळ न्यावा किंवा राउटरला तारेने जोडावा. सुधारणा झाल्यास वाय-फाय दुर्बल आहे, असे समजावे. जाड भिंतींनी त्याचे बळ घटते. सुधारणा न झाल्यास अन्य यंत्रांवर काही उतरवून घेणे चालू आहे काय, हे पाहावे. तसे नसल्यास दोष बाहेरील जोडणीत असण्याचा संभव अधिक.

उपाय

वर्गासाठी सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे पाठ आदल्या दिवशी संगणकात उतरवून ठेवणे व ध्वनिवर्धक तारेने जोडणे. 'दीक्षा'वरील पुष्कळ साहित्य असे उतरवून घेता येते. ब्लूटूथच वापरणे भाग असल्यास व्हीएलसी या वादकात 'जे' ही कळ दाबावी. प्रत्येक दाबास आवाज ५० मिलिसेकंद पुढे येतो. २०० मिलिसेकंदांचा विलंब असल्यास ती चार वेळा दाबावी. 'के' कळीचे कार्य याच्या उलट आहे. एक ध्वनिवर्धक तारेचा व दुसरा ब्लूटूथचा असे एकत्र लावू नयेत. प्रत्येक शब्द दुहेरी ऐकू येतो.

मुलांसाठी कृती

हा दोषच पाठाचा विषय होऊ शकतो. मोकळ्या मैदानात १७० मीटरांवर एका विद्यार्थ्याने हात उंच उगारून थाळी वाजवावी. इतरांनी प्रहार पाहावा व नाद ऐकावा. ध्वनी हवेत सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो, म्हणून नाद अर्ध्या सेकंदाने येतो. नंतर उदाहरण द्यावे : ब्लूटूथचा विलंब ०.२ सेकंद असेल, तर ध्वनिवर्धक जणू किती अंतरावर आहे? उत्तर : ६८ मीटर. वर्गात समोर ठेवलेला ध्वनिवर्धक ६८ मीटर दूर असल्यासारखा वागतो, हे मुलांना गणितानेच उमगेल. आणि ओळ मागे पडली त्यात आपला दोष नव्हता, हेही त्यांना कळेल.