पत्रांची निवडानिवड

घरांत धान्य आलें म्हणजे तें तसेंच दळावयास धाडीत नाहींत. आधीं तें चाळतात, मग सुपांत घेऊन पाखडतात, आणि शेवटीं ताटांत पसरून हातानें निवडतात. चाळणीनें माती खालीं पडते, सुपानें फोलकटें उडतात. पण दाण्याएवढाच जो खडा राहतो तो डोळ्यांनीं पाहिल्यावांचून निघत नाहीं. या तीन क्रिया खानदेशांतील प्रत्येक विद्यार्थ्यानें ज्वारी-बाजरीच्या बाबतींत पाहिलेल्या आहेत. पत्रांच्या बाबतींतहि असेंच तीन प्रकारचें काम चालतें. तें आपल्या डोळ्यांआड चालतें, इतकेंच. आज आपणांस येणारीं बहुतेक महत्त्वाचीं पत्रें ई-मेलनें येतात, आणि आपल्या हातीं पडण्यापूर्वीं तीं एका सर्व्हरवर, म्हणजे पत्रें स्वीकारून सांभाळणाऱ्या यंत्रावर, निवडलीं जातात. ही निवड कशी होते, आणि निवडणाऱ्यानें कोणती चूक सर्वांत अधिक टाळली पाहिजे, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्ही योजिलें आहे.

पत्रांच्या निवडीचें शास्त्र टपालखात्यानें फार पूर्वींच बसविलें होतें. म्हणून प्रथम तिकडे पाहूं. आपल्या देशांत इ. स. १८६३ मध्यें अलाहाबाद व कानपूर यांच्या दरम्यान धावत्या आगगाडींत पत्रें निवडण्याचा उपक्रम झाला, आणि त्यांतूनच पुढें रेल्वे टपाल सेवा उभी राहिली. टपालाच्या डब्यांत भिंतीला लागून लहान लहान खणांची मांडणी असे. प्रत्येक खण एका गांवाचा किंवा एका मार्गाचा. सॉर्टर उभ्यानें एकेक पत्र योग्य त्या खणांत टाकी, आणि पुढील स्टेशन येण्यापूर्वीं खणांतील जुडगे बांधून थैलींत भरी. आमच्या भुसावळासारख्या जंक्शनावर या कामाचें महत्त्व सहज ध्यानीं येईल. मुंबईहून आलेला लोहमार्ग येथें दुभंगतो. एक इटारसीकडे जातो, दुसरा नागपुराकडे. एक पत्र चुकीच्या थैलींत पडलें कीं तें शेंकडों मैल भलतीकडेच जावयाचें!

सॉर्टरची एक रीत लक्षांत ठेवण्याजोगी आहे. पाकिटावरील पत्ता आपण वरून खालीं लिहितों, तो मात्र खालून वर वाचतो. आधीं जिल्हा, मग गांव. माणसाच्या नांवाशीं त्याला कर्तव्य नसतें, तें पोस्टमनचें काम. परंतु येथें एक अडचण पडे. एकाच नांवाचीं गांवें अनेक. पिंपळगांव हरेश्वर जळगांव जिल्ह्यांत, तर पिंपळगांव बसवंत नाशिक जिल्ह्यांत. लिहिणाऱ्यानें नुसतें 'पिंपळगांव' लिहिलें तर सॉर्टरनें काय करावें? शिवाय देशांत लिप्या अनेक, आणि हस्ताक्षर तर ज्याचें त्याचें. या अडचणीवर केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयांतील अधिकारी व संस्कृत पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांनीं तोड काढली. १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सहा आंकड्यांचा पिन सुरू झाला. त्यांतील पहिला आंकडा देशाचा मोठा विभाग दाखवितो. ४ हा महाराष्ट्र, गोवें, मध्यप्रदेश व छत्तीसगड यांचा. दुसऱ्यानें उपविभाग कळतो. पहिले तीन मिळून निवडीचा जिल्हा ठरतो, आणि शेवटचे तीन पत्र वांटणारें टपाल कार्यालय सांगतात. धुळ्याचा पिन ४२४००१ व जळगांवचा ४२५००१.

विद्यार्थ्यांनीं खानदेशाचा नकाशा पुढें घेऊन हे आंकडे त्यावर मांडून पाहावेत. एक मौज दिसेल. १९०६ मध्यें खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेच आजचे जळगांव व धुळें. पुढें १ जुलै १९९८ रोजीं धुळ्यांतून नंदुरबार वेगळा झाला. आतां चाळीसगांव व पाचोरें हीं जळगांव जिल्ह्यांत असूनहि त्यांचे पिन ४२४ नें सुरू होतात. उलट शिरपूर, शिंदखेडें व दोंडाईचें हीं धुळें जिल्ह्यांत असून त्यांचे पिन ४२५ चे. नंदुरबारचा पिनहि ४२५४१२ आहे. ही चूक नव्हे. नंदुरबार, दोंडाईचें, शिंदखेडें व अमळनेर हीं तापीच्या खोऱ्यांतून जळगांवकडे येणाऱ्या लोहमार्गावर आहेत, आणि धुळ्याचा फांटा चाळीसगांवाहून निघतो, हें बोट ठेवून पाहिलें म्हणजे या वांटणीचा अर्थ उकलूं लागतो. जिल्हा हा राज्यकारभारासाठीं केलेला भाग. टपालाचा भाग पत्र पोंचविण्यासाठीं केलेला. यावरून पहिला धडा असा कीं, निवडीचा नियम कशासाठीं आहे तें आधीं ठरवावें, मग तो घालावा.

आतां ई-मेलकडे वळूं. पिन सुरू होण्याच्या आदल्याच वर्षीं, १९७१ मध्यें, अमेरिकेंत रे टॉमलिन्सन यांनीं जाळ्यावरून एका संगणकावरचें पत्र दुसऱ्यावर धाडलें, आणि पत्त्यांत माणूस व यंत्र यांना जोडण्यास 'अ‍ॅट' या चिन्हाची योजना केली. या चिन्हाच्या डावीकडे माणसाचें नांव, उजवीकडे त्याच्या संस्थेचें. ई-मेलचा पत्ताहि सॉर्टरप्रमाणेंच शेवटाकडून वाचतात. २०१४ पासून देवनागरींत 'भारत' अशा अखेरीचे पत्ते नोंदतां येतात. तेथें आधीं 'भारत', मग संस्थेचें नांव, आणि सर्वांच्या शेवटीं माणूस असा क्रम लागतो.

पत्र पोंचविणारा सर्व्हर स्वीकारणाऱ्या सर्व्हरच्या दारीं येतो, तेव्हां त्यांच्यांत एक ठराविक संभाषण होतें. त्याचे नियम १९८२ मध्यें प्रसिद्ध झाले, आणि कांहीं सुधारणांसह तेच आजहि पाळले जातात. मी अमुक, हें पत्र अमक्याकडून, अमक्यासाठीं, आणि मग मजकूर, असा हा क्रम. उत्तर तीन आंकड्यांत मिळतें. पहिला आंकडा २ असेल तर 'स्वीकारलें'; ४ असेल तर 'आतां नाहीं, मागाहून या'; ५ असेल तर 'हें पत्र घेतां येत नाहीं'. येथेंच निवडीस आरंभ होतो. २००३ पासून कांहीं सर्व्हर अनोळखी पाहुण्यास पहिल्या खेपेस मुद्दाम 'मागाहून या' असें सांगूं लागले. प्रामाणिक सर्व्हर थोड्या वेळानें पुन्हां येतो. लाखों पत्रें एकदम उधळणारा पुष्कळदां परत फिरकत नाहीं.

दारावर आणखी एक तपासणी होते. पाकिटाच्या पाठीमागें पाठविणाऱ्याचें नांव वाटेल तें लिहितां येतें. पण टपालाचा शिक्का पत्र खरोखर कोठून निघालें तें सांगतो. ई-मेलचेंहि असेंच आहे. वाटेंतील प्रत्येक सर्व्हर आपला शिक्का पत्राच्या माथ्यावर मारतो, म्हणून ते शिक्के खालून वर वाचावे लागतात. शिवाय एखादी संस्था आपल्या नांवानें कोणते सर्व्हर पत्रें धाडूं शकतात याची यादी जाहीर करून ठेवते, आणि पत्रावर लाखेच्या मोहरेसारखी एक गणिती मोहर उमटविते. यादी जुळली नाहीं किंवा मोहर फुटलेली दिसली, तर संशयास जागा होते.

पत्र आंत घेतल्यावर चाळणी लागते. सर्व्हरवर पत्रें चाळण्याचे नियम लिहिण्याची एक भाषा २००१ मध्यें प्रसिद्ध झाली. तिचें नांवच 'सीव्ह', म्हणजे चाळणी! तिच्यांतील नियम साधे असतात. पत्र परीक्षा मंडळाकडून आलें असेल तर 'परीक्षा' या खणांत टाका. विषयांत 'शिष्यवृत्ति' हा शब्द असेल तर मुख्याध्यापकांकडे धाडा. अमक्या पत्त्यावरून आलें असेल तर नाकारा. नियम वरून खालीं क्रमानें पाहिले जातात, म्हणून क्रम चुकला तर निकालहि चुकतो. परंतु या भाषेंतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट निराळीच आहे. कोणताच नियम लागू पडला नाहीं, तर पत्र मालकाच्या मुख्य पेटींत ठेवावें, असें तिचें मूळचें बंधन आहे. आणि नियम चालवितांना बिघाड झाला तरीहि पत्र ठेवावेंच, असा तिचा दंडक आहे. शंका आली तर टाकूं नका, ठेवा, हें त्यांतील तत्त्व.

चाळणीनें न निघणाऱ्या फोलकटांसाठीं सूप लागतें. न मागतां शेंकडों लोकांस एकदम धाडलेलें पहिलें प्रसिद्ध जाहिरातीचें ई-पत्र ३ मे १९७८ रोजीं अमेरिकेंत निघालें. अशा पत्रांस पुढें 'स्पॅम' हें नांव पडलें. हीं पत्रें वेष पालटून येतात, म्हणून ठराविक नियम त्यांना पुरा पडत नाहीं. येथें थॉमस बेझ यांचें गणित उपयोगी पडलें. बेझ हे इंग्लंडांतील एक धर्मोपदेशक; ते १७६१ मध्यें वारले, आणि त्यांचा संभाव्यतेवरील निबंध १७६३ मध्यें प्रसिद्ध झाला. २००२ मध्यें पॉल ग्रॅहॅम यांच्या एका लेखामुळें त्यांची रीत पत्रें पाखडण्याच्या कामीं सर्वत्र रूढ झाली.

एक कल्पित उदाहरण घेऊं. एका शाळेस १००० पत्रें आलीं. ६०० टाकाऊ, ४०० कामाचीं. 'बक्षीस' हा शब्द १२० टाकाऊ व ३० कामाच्या पत्रांत आढळला. म्हणजे हा शब्द असलेल्या १५० पत्रांपैकीं १२०, शेंकडा ८०, टाकाऊ. एवढ्यावरून 'बक्षीस' दिसतांच पत्र फेंकावें काय? तसें केल्यास बक्षीस समारंभाचीं निमंत्रणेंहि केरांत जातील. आतां 'इयत्ता' हा शब्द पाहूं. तो टाकाऊपैकीं १२ पत्रांत, म्हणजे शेंकडा २, आणि कामाच्या २४० पत्रांत, म्हणजे शेंकडा ६०, आहे. एका नव्या पत्रांत हे दोन्ही शब्द आहेत. मूळचें प्रमाण ३ : २; 'बक्षीस' या शब्दाचें शेंकडा २० विरुद्ध साडेसात, म्हणजे ८ : ३; 'इयत्ता' याचें १ : ३०. शब्द एकमेकांवर अवलंबून नाहींत असें धरून हीं प्रमाणें गुणलीं असतां २४ : १८०, म्हणजे २ : १५ येतें. अशा १७ पत्रांत टाकाऊ दोनच. पत्र ठेवण्याजोगें ठरलें. एका शब्दावरून पत्राची परीक्षा होत नाहीं. सर्व शब्दांची साक्ष घ्यावी लागते. आणि ही साक्ष त्या त्या पेटींतील जुन्या पत्रांवरून तयार होते, म्हणून शाळेचें सूप दुकानदारास जसेंच्या तसें उपयोगी पडत नाहीं.

परंतु सूप कितीहि चांगलें असलें तरी चुका दोन प्रकारच्या राहणारच. टाकाऊ पत्र आंत येईल, किंवा कामाचें पत्र बाहेर पडेल. या दोन चुका सारख्या नाहींत. पहिलीनें फार तर अर्धा मिनिट जातो. दुसरीनें एखाद्याचें वर्ष जाऊं शकतें. महाविद्यालयाच्या प्रवेशाची मुदत, शिष्यवृत्तीचा अपुरा राहिलेला कागद, मुलाखतीची तारीख, यांचीं पत्रें आज ई-मेलनें येतात. तीं संशयाच्या खणांत पडून राहिलीं, तर धुळ्याच्या किंवा चोपड्याच्या मुलाला आपली संधि केव्हां गेली हेंहि कळत नाहीं. आपणांस कोणी बोलावलेंच नाहीं, असें तो समजतो. म्हणून निवडणाऱ्यावर एक बंधन आहे. पत्र घ्यावयाचें नसेल तर दारावरच स्पष्ट नाकारावें, म्हणजे पाठविणाऱ्यास तें कळतें. एकदां स्वीकारलें कीं गुपचुप नष्ट करूं नये. मालकास दिसेल अशा जागीं ठेवावें. टपालखात्यानेंहि हेंच पाळलें. पत्त्याचा माणूस सांपडला नाहीं तर पत्र परत जातें. पाठविणाऱ्याचा पत्ताहि बाहेर नसेल, तर तें एका स्वतंत्र कार्यालयांत उघडून धन्याचा शोध घेतात.

राहिलेलें तिसरें काम, हातानें निवडण्याचें, तें मात्र ज्याचें त्यानेंच केलें पाहिजे. विद्यार्थ्यांनीं संशयाचा खण आठवड्यांतून एकदां तरी उघडावा. कित्येक सेवा त्यांतील पत्रें ३० दिवसांनीं नाहींशीं करतात. चांगलें पत्र तेथें आढळल्यास 'स्पॅम नाहीं' अशी खूण करावी. त्या खुणेनें सूप शिकतें. स्वतः मागविलेलें पत्र कंटाळा आला म्हणून 'स्पॅम' ठरवूं नये, नाहीं तर तें उलटें शिकेल. ज्यांच्या पत्राची वाट पाहत आहोंत त्यांचा पत्ता आधींच नोंदवून ठेवावा. आणि स्वतः पत्र लिहितांना विषय, पूर्ण नांव, इयत्ता व गांव स्पष्ट लिहावें. कारण आपलेंहि पत्र कोणाच्या तरी चाळणींतून जावयाचें असतें, आणि पत्ता नीट लिहिणें हें पाठविणाऱ्याचें अर्धें काम सॉर्टरच्या काळीं होतें तसें आजहि आहे.