द्राक्षाची साखर जाते कुठे? नाशिकची लाल ‘ड्राय’ वाइन



ब्रिक्स म्हणजे काय हे आपणांस नव्याने सांगायला नको. तोडणीच्या आधी आमचे चिटबॉय रिफ्रॅक्टोमीटर घेऊन फडात येतात. नाशिक-दिंडोरीकडच्या वाइन द्राक्षाच्या बागेतही तेच यंत्र फिरते. तिथे ब्रिक्स 22 ते 24 झाला की काढणी. फरक पुढे आहे. आपण साखर टिकवायला धडपडतो, उसाला उशीर झाला की जीव खालीवर होतो. तिथे साखर मुद्दाम यीस्टला खाऊ घालतात.

लिटरमागे साधारण 17 ग्रॅम साखर संपली की 1 टक्का मद्यार्क तयार होतो. सगळी साखर आंबून गेली, लिटरला 4 ग्रॅमच्या आत उरली, की ती वाइन ‘ड्राय’, म्हणजे अगोड. (ड्राय डेशी त्याचा काही संबंध नाही!) आपल्याकडे मोहाची फुले आंबवून मग भट्टीवर चढवतात, वाइन उकळत नाहीत. म्हणून तिच्यात मद्यार्क 13 टक्क्यांच्या आसपासच असतो.

लाल रंग रसाचा नव्हे, सालीचा. बहुतेक काळ्या द्राक्षांचाही रस फिकाच असतो. लाल वाइन करताना साल आणि बिया रसासोबतच आंबवतात. त्यातून रंग येतो आणि जिभेला आवळणारा तुरटपणाही, कच्च्या जांभळासारखा. शिराझ जातीला काळ्या फळांचा व मिरीचा वास सांगतात. कॅबर्नेट सोव्हिन्यों जास्त तुरट.

आता मुलखाचा गुण. फ्रान्सात वेल हिवाळ्यात झोपते आणि काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. आपल्या हवेत वेल झोपतच नाही. म्हणून एप्रिलात खरड छाटणी, पावसाळा सरता सरता फळछाटणी, आणि काढणी जानेवारी ते मार्च. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच. दिवसा ऊन, रात्री गारवा. उन्हाने साखर भरते. रात्र गार असली की मण्यातले आम्ल टिकते. आम्ल गेले की वाइन सपक लागते. थंडीत उसाची वाढ थांबून साखर भरते हे आपण पाहतोच. थंडीचा उपयोग दोन्ही पिकांना, पण वेगवेगळा. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

मग आपल्याकडे लावावी का? काही तरुण सभासद विचारतात. तापीकाठचा आपला मुलूख बराच सखल, उन्हाळा कडक, जमीन काळी भारी, पाणी धरून ठेवणारी. वाइनच्या द्राक्षाला निचऱ्याची मुरमाड जमीन लागते आणि पाणी बेतानेच द्यावे लागते. मणी बारीक राहिला तर रसाच्या मानाने साल जास्त. उसाला पाट सोडून द्यायची सवय तिथे चालत नाही. तोरणमाळ उंच आहे खरे, पण तिथून माल वेळेत वायनरीत नेणे सोपे नाही.

माझे मत विचाराल तर जमिनीपेक्षा गिऱ्हाईक आधी बघा. राज्याने 2001 मध्ये वाइन धोरण आणले आणि लागवड वाढली. 2008 नंतर मंदी आली, उठाव कमी झाला, आणि काहींना उभ्या बागा उपटाव्या लागल्या. ही द्राक्षे बारीक, बियांची. खायच्या द्राक्षांच्या बाजारात त्यांना भाव नाही. ऊस एका कारखान्याने नाही नेला तर दुसरा नेतो, निदान गुऱ्हाळ तरी असते. तेव्हा रोप आणण्याआधी वायनरीशी लेखी करार करा. त्यात किती वर्षे माल घेणार, कोणत्या ब्रिक्सला काय दर, आणि माल उचलला नाही तर भरपाई काय, एवढे तरी लिहून घ्या.

— ऊस विकास अधिकारी